एक घड्याळ आणि पुष्कळ रविवार

घड्याळजीकडे माणूस एकदा गेला तर घड्याळ दुरुस्त होतं, दर रविवारी गेला तर किस्से जमतात. मी अडीच वर्षं गेलो. त्यामुळे माझ्याकडे घड्याळ एक आणि किस्से इतके, की सांगायला बसलो तर ऐकणारा आपणहून चप्पल शोधायला लागेल! तसंही मी विश्रांतवाडीत एकटा राहतो. एके काळी त्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं आयटीवाले होतो. एकेक करून तिघांची लग्नं झाली. शेवटचा गेला तेव्हा जाताना गॅसचं कार्ड माझ्या नावावर करून गेला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी दिवसभरात फक्त दूधवाल्याशी बोललो, आणि तेही "उद्या नको" एवढंच.

त्याच आठवड्यात मी नेटवर सुटे भाग मागवून स्वतःचं घड्याळ बनवायचं ठरवलं. कुठून डायल, कुठून काटे, कुठून मशीन. सगळं बिस्किटांच्या डब्यात भरून रविवार पेठेत पेंडसे काकांच्या दुकानात गेलो. दुकान एवढंसं, तीन गिऱ्हाईकं आत असली की चौथ्याने रस्त्यावर उभं राहायचं.

"काय बिघडलंय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. घड्याळ बनवायचंय."

"बनवलेली मिळतात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही वाटतं."

तरी त्यांनी डबा उघडला. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. मी मागवलेली डायल होती चावी चारच्या बाजूला असणाऱ्या घड्याळाची, आणि माझ्या केसची, म्हणजे बाहेरच्या डबीची, चावी तीनच्या बाजूला. डायल बसली, पण बारा एका कुशीवर झोपले!

"चालेल," काका म्हणाले. "वेळ बघताना तेवढी मान वाकडी करत जा."

मग गाव विचारलं. यवतमाळ म्हटलं. तेव्हापासून माझं नाव यवतमाळच पडलं. खरं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

* * *

दुकानात रविवारी आणखी दोघं यायचे. एक मोघे बाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे दुरुस्तीचं काही नसायचं, त्या नुसत्या बसायच्या. दुसरा अद्वैत, हिंजवडीत नोकरी, वय सव्वीस, घड्याळं अकरा.

नवी डायल आली आणि काका सेकंद काटा बसवायला लागले. चिमट्यात काटा, डोळ्याला भिंग, आम्ही तिघं श्वास रोखून. आणि मी शिंकलो!

काटा उडाला. केसापेक्षा थोडासा जाड, काय दिसणार? आम्ही तिघं फरशीवर रांगायला लागलो. तेवढ्यात एक गृहस्थ सेल बदलायला आले, आमच्याकडे बघतच राहिले.

"पाय न उचलता बाहेर जा," काका म्हणाले.

"पाय न उचलता कसं जाणार?"

"आलात कसे मग?"

काटा मिळाला नाही. पुढच्या रविवारी मोघे बाईंनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत कापसात गुंडाळलेला काटा! त्यांच्या पदराला चिकटून सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेला होता. पाकिटावर शिक्षिकेच्या अक्षरात लिहिलं होतं, 'यवतमाळ यांस. रुमाल बाळगावा.' त्या वर्षी मला कोणी हाताने लिहून दिलेला तो एकच कागद. मी तो जपून ठेवलाय, हसायचं तर हसा.

* * *

अद्वैतला घाई फार. एका घड्याळाचे काटे त्याने यूट्यूब बघून घरीच बसवले आणि दाखवायला घेऊन आला.

"काका, check करा ना. एकदम clean काम झालंय."

काकांनी चावी फिरवली. घड्याळात नऊ वाजले आणि तारीख खट्कन बदलली.

"तुमच्याकडे उद्या नऊलाच येतो का?"

मग दहा मिनिटं तासच घेतला. आधी काट्यांशिवाय चावी फिरवायची. तारीख उडी मारते त्या क्षणी थांबायचं. ते रात्रीचे बारा. मग दोन्ही काटे बरोबर बारावर बसवायचे.

"पहिल्या दिवशी शिकतात हे," काका म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्या हातून ही चूक झालेली नाही. मेल्यावर झाली तर माहीत नाही."

* * *

आता माझी लबाडी सांगतो. काच मागवली ती अर्धा मिलिमीटर मोठी निघाली. ती खरी चूक. दुसरी मागवली, तीही मोठीच. ती मी मुद्दाम मागवली होती.

कारण उरलं होतंच काय? काच बसली की घड्याळ झालं, आणि घड्याळ झालं की रविवार पेठेत जायला निमित्त नाही. पुन्हा आपला तो फ्लॅट, तो दूधवाला आणि "उद्या नको". मोघे बाईंसारखं नुसतं जाऊन बसायला अंगात धीटपणा लागतो. माझ्यात तो नव्हता.

काकांनी काच मोजली. पुन्हा मोजली. माझ्याकडे भिंगातूनच बघितलं.

"तुम्ही ऑफिसात काय करता म्हणालात?"

"सॉफ्टवेअर तपासतो. चुका शोधतो."

"कोणतं ते सांगून ठेवा. आम्ही वापरणार नाही."

अद्वैत मात्र पेटला. "दादा, तू सोड, मी order करतो!" त्याला काय सांगणार?

त्याच सुमारास आईचा फोन आला. "काहून रे बाबू, दोन वर्षं झाले त्या घड्याळाले. इथं बाजारात पाच मिनिटात भेटते. कोनासाठी बनवून रायला एवढं?"

मी म्हटलं, रेंज जातेय.

* * *

एका वर्षी पाडवा रविवारी आला. ऑफिसात काम निघाल्याने मला गावी जाता आलं नव्हतं. दुकान बंद असणार हे माहीत असून गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून बघितलं तर काका आत, स्टुलावर, हातात काही नाही.

"बंद आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही?"

"मीही बंदच आहे. या आत."

थर्मासमधला चहा दिला. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा-सून सिंगापूरला. "त्यांचा फोन संध्याकाळी येतो," काका म्हणाले. "सकाळचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही." आम्ही दोघं एक वाजेपर्यंत बसलो आणि घड्याळाबद्दल चकार शब्द बोललो नाही.

* * *

शेवटी अद्वैतची काच आली. नेमकी बरोब्बर मापाची! त्या रविवारी काकांनी घड्याळ पूर्ण केलं. त्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना पाठ करून बसायला लावलं. "शिंकायचं असेल तर रस्त्यावर जा," म्हणाले. धूळ नको म्हणून काढून ठेवलेले काटे पुन्हा बसवले, काच दाबली, केस बंद केली आणि घड्याळ माझ्या मनगटावर स्वतः बांधलं. मोघे बाईंनी कात्रजचे पेढे आणले होते. अद्वैतने वीस फोटो काढले. मी हसत होतो, पण मला रडू येत होतं. निघताना म्हटलं, "येतो काका."

"बरं," काका म्हणाले. खाली मान घालून टेबल पुसत राहिले.

मंगळवारी ऑफिसात संध्याकाळचा चहा घेत होतो. सहज मनगटाकडे बघितलं आणि डोळ्यांदेखत तारीख खट्कन बदलली. सव्वाचार वाजले होते!

उपाय सोपा होता. काटे बारा तास पुढे फिरवले असते तर तारीख पहाटे सव्वाचारला बदलली असती. मी झोपेत, कोणाला कळणार? चावी बाहेरही ओढली. मग तशीच पुन्हा आत ढकलली.

रविवारी साडेनऊला दुकानात गेलो. मोघे बाई, अद्वैत अजून यायचे होते. माझं स्टूल नेहमीच्या जागी पुढे ओढून ठेवलेलं होतं. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"काका, तारीख चुकीच्या वेळी बदलते."

काकांनी भिंग लावलं नाही. घड्याळ हातातही घेतलं नाही.

"सव्वाचारला ना?" ते म्हणाले. "ठेवून जा. पुढच्या रविवारी बघू."