लाल टेस्ट

सगळ्यांसमोर सरांनी माझ्या खुर्चीवर रूम फ्रेशनर मारला. मी खुर्चीत बसलेली असताना.

"ऑफिसात कोळीवाडा आला वाटतं," म्हणाले. अख्खी टीम हसली. डब्यात बटाट्याची भाजी होती माझ्या. तरी मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

हाटकेश भागातल्या एका गाळ्यात आमचं ऑफिस. ईसीजी मशीनचं सॉफ्टवेअर बनवतो. छातीवरून येणाऱ्या सिग्नलमध्ये विजेची घरघर मिसळते. फिल्टरने ती दाबायची, हृदयाचा सिग्नल मात्र जसाच्या तसा सोडायचा. फिल्टर काय दाबतो, किती दाबतो, हे तपासणं माझं काम.

त्या दिवसापासून मी सेंट मारून जायला लागले. आई भाईंदर पश्चिमेला मासळी विकते. एकदा तिने बाटली हातातून काढून घेतली. "आपला वास हाय तो. चोरीचा न्हाय." मी चिडले तिच्यावर. तिचं खरं होतं म्हणूनच चिडले.

या आठवड्यात नवा फिल्टर आला. आधी घरघरीच्या लहरी सोडल्या. साफ दाबल्या गेल्या. मग हृदयाच्या संथ लहरी सोडल्या. त्या अर्ध्याच बाहेर आल्या. हृदयविकाराच्या झटक्याची खूण याच संथ भागात दिसते. म्हणजे आजारी माणूस ठणठणीत दिसणार. टेस्ट लाल, म्हणजे नापास.

लाल टेस्ट हिरवी करायची आमच्याकडे पद्धत आहे. प्रोग्राम जे चुकीचं उत्तर देतो, तेच बरोबर उत्तर म्हणून टेस्टमध्ये चिकटवायचं. उद्या हॉस्पिटलवाले मशीन बघायला येणार, म्हणून आज सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"येतंय तेच उत्तर टाक."

"मग तपासलं काय, सर?"

"तुला पास करायला ठेवलीय. जमत नसेल तर जा, आईच्या पाटीशेजारी बस."

नोकरी जाईल ही भीती होतीच. पण राग मोठा होता. मी उठले. आवाज चढला, चढू दिला.

"आई सडका मासा ताजा म्हणून विकत नाही. मीही खोटा आकडा नाही टाकणार."

कोणी हसलं नाही. सरांनी माझ्याच कीबोर्डवर आकडा बदलला. हिरवी. मी त्यांच्या देखत तो परत आधीसारखा केला. लाल.

"उद्या येऊ नकोस," ते म्हणाले.

येणार. हॉस्पिटलवाल्यांसमोर ती संथ लहर मी स्वतः सोडणार आणि अर्धीच बाहेर येताना दाखवणार. मला काढायचं असेल, तर त्यांच्यासमोर काढा.