बेबीताईंची उत्तरं

घाटंजीजवळच्या त्या गावात बेबीताईंच्या शब्दाला वजन होतं. कपाशीवर काय फवारायचं, कधी फवारायचं, हे लोक आधी त्यांना विचारत. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला तेव्हा ही विचारपूस फोनवर आली आणि घोटाळा सुरू झाला.

कुणी काही विचारलं आणि आपण गप्प राहिलो, हे बाईंना दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं वाटे. म्हणून दुपारी शेतात जेवायला बसल्या की त्या सकाळपासूनचे सगळे मेसेज वाचत आणि एका दमात उत्तरं टाकत. हो. नको. या. अभिनंदन. कुठलं उत्तर कुणाचं, ते ज्याचं त्यानं ओळखावं! पुतण्या कपिल सांगून थकला, की ज्याला उत्तर द्यायचं त्याचा मेसेज आधी धरा. पण ऐकतील तर त्या बेबीताई कसल्या?

ते बोंडअळीचं साल होतं. फवारणीची विषबाधा होऊन आसपासची धडधाकट माणसं यवतमाळच्या दवाखान्यात पडली होती. एका दुपारी बाईंनी उत्तरं टाकली, डबा धुतला आणि सहज पुन्हा फोन पाहिला. त्या उत्तरं लिहीत असतानाच पलीकडच्या शेतातल्या फुलसिंगनं विचारलं होतं, 'काकू, दोन औषधं मिसळून मारू का?' आणि त्याच्या बरोबर खाली त्यांचं उत्तर: 'खुशाल कर, भिऊ नको.'

ते उत्तर खरं तर गावातल्या प्रेरणासाठी होतं. पोरीचं बारसं घरच्या घरीच करू का, म्हणून तिनं सकाळी विचारलं होतं.

बाई ताडकन उठल्या. फुलसिंगला फोन लावला, तर बंद. त्या अनवाणीच धुऱ्यावरून, बांधाबांधानं पळत सुटल्या. वाटेत फुलसिंगची लहान पोरं डोळ्यांपुढं आली आणि त्यांना रडूच फुटलं.

फुलसिंग बाभळीखाली चप्पल घालत होता. शेजारी फवारणीचा पंप कोरडा.

"मारलं काय रे?"

"नाही ना काकू. तुमाले विचाराले निघालो होतो. मोबाइलची बॅटरी खलास झाली."

"मंग माह्यं उत्तर नाही वाचलं?"

"वाचलं. पण तुमच्या उत्तराचा काय भरोसा? मांगं माहा बैल मेला, तं तुमी अभिनंदन लिहलं."

बाई तिथंच खाली बसल्या. अशी बेइज्जती त्यांची जन्मात कुणी केली नव्हती, आणि इतकं हायसंही कधी वाटलं नव्हतं. त्या हसल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग आपला फोन त्याच्यापुढं धरला.

"कसं करतेत ते? दाखव मले."

"मेसेजवर बोट दाबून धरा. वरतं बाण येते, तो दाबा."

बाईंनी त्याचाच प्रश्न धरला आणि खाली लिहिलं, 'नाही. मिसळू नको. तोंडाले फडकं बांधल्याबिगर पंपाले हात लावू नको.'

फुलसिंग उठला. पण बाई अजून फोनवर बोट ओढतच होत्या, वर, आणखी वर, पोळ्याच्या मेसेजांच्याही मागं. बैल गेल्याचा त्याचा मेसेज सापडला तेव्हा त्यांनी तो नीट दाबून धरला आणि खाली एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'लय वाईट झालं रे बापा.'

फुलसिंगनं ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि पुन्हा खाली बसला.