सहा महिन्यांचा करंडक

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी नऊ. हजर: बॉक्सिंग क्लबातल्या दोन मुली, त्यांच्या आया, पंच म्हणून देशमुख सर आणि गुणांची वही घेऊन मी.

तिसरी फेरी संपली आणि सरांनी दोघींचे हात एकदमच वर केले. बरोबरी.

"असं कसं सर? कुणीतरी जिंकलंच असेल की!" एक आई म्हणाली.

"ताई, नाकं बघा दोघींची. तीसुद्धा सारखीच सुजलीत."

मुलींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या एकमेकींच्या ग्लोव्हजच्या नाड्या दातांनी सोडवत होत्या. पहिली गाठ समोरचीनंच सोडायची, ही आमच्याकडची जुनी रीत.

माझी गाठ सुलभानं सोडली होती. आमचीही लढत इथेच बरोबरीत सुटली आणि करंडक सहा-सहा महिने वाटून घ्यायचा ठरला. "आधी तू ठेव," ती म्हणाली, "मग येते मी. करंडक न्यायला आणि तुला हरवायला." पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती नागपूरला गेली. त्याला बावीस वर्षं झाली.

जिंकलेल्या लढती मला आता आठवतही नाहीत. ही एक मात्र अजून सुलभाची वाट पाहते.

'सुलभाला फोन, करंडक पाठवणे' ही ओळ मी दर वर्षी नव्या वहीत उतरवते. नंबर आहे माझ्याकडे. पण करंडक पोहोचला, की तिला इकडे यायचं कारणच उरणार नाही.

काल तो घासूनपुसून ठेवलाय. फोन राहिलाय.