ओव्याविना पोपटी

चौलच्या दादा राऊतांना माया करताना आवाज कमी ठेवता येत नसे. उभी नोकरी त्यांनी अलिबागच्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या बाटल्या धुण्यात घालवली, पण त्यांचं खरं खातं घरी होतं: कुटुंबकल्याण. बायको दुर्गा नुसती शिंकली, तरी दादा गवती चहा आणायला वाडीत पोचलेले असत. एकुलत्या एका मुलाचं नाव त्यांनी अजेय ठेवलं. तो शर्यतीत शेवटून पहिला आला, तेव्हा सगळ्यांना पुढे जाऊ देण्याच्या त्याच्या मोठेपणाबद्दल त्यांनी आळीत पेढे वाटले.

बारावीच्या परीक्षेला ते कोकम सरबत घेऊन वर्गाच्या खिडकीशी उभे राहिले. पर्यवेक्षकांनी हाकललं, तर जाताना त्यांनाही एक पेला पाजून गेले. अजेयच्या पहिल्या मुलाखतीला सोबत जाऊन त्यांनी साहेबांना जिन्यात गाठलं आणि इथे जेवणाची सोय कशी आहे, याची चौकशी केली. नोकरी लागली. तिचं श्रेय दादांनी कायम त्या चौकशीला दिलं. खारघरला अजेयने फ्लॅट घेतल्यावर चौथ्या मजल्याच्या गॅलरीसाठी ते नारळाचं रोप घेऊन हजर झाले. सून वल्लरीने मोठ्या अदबीने विचारलं, की नारळ पाडायला माणूस खालून वर चढवायचा की गच्चीवरून खाली सोडायचा? दादांना तो प्रश्न इतका आवडला, की तो त्यांनी चौलभर सांगितला.

या सगळ्या मायेला एकच खोट होती. तिला बंद करायचं बटण नव्हतं.

म्हणूनच गेल्या जानेवारीत ऑफिसच्या मित्रांनी नागावला कॉटेज घ्यायचं ठरवलं, तेव्हा अजेय गप्प राहिला. नागावहून चौल हाकेच्या अंतरावर. दादांना कळलं असतं, तर सगळी वरात घरी नेली असती, वाडीतलं प्रत्येक झाड ओळख करून दाखवलं असतं आणि जेवणानंतर अजेयचा झबल्यातला फोटो फिरवला असता. त्याने फोन करून सांगितलं, की या शनिवार-रविवारी ऑफिसचं काम आहे. आपल्याला दादांची लाज वाटत नाही, असं तो स्वतःला बजावत होता. फक्त दोन दिवस कुणाचाही मुलगा नसावं, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी मित्रांनी पोपटीचा हट्ट धरला. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की या किनाऱ्यावर कुणालाही तिचा मोह होतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. कॉटेज सांभाळणारा हिरामण म्हणाला, मी बघतो. जेवायच्या वेळी त्याने गरम मडकं आणून अंगणात रिकामं केलं आणि मंडळी तुटून पडली.

"शेंगा काय आहेत यार," पेणचा प्रणय तोंडातला घास सावरत म्हणाला. "पण ओवा विसरले. ओव्याशिवाय पोपटी कोण लावतं?"

अजेयचा हात थांबला. असा एकच माणूस त्याला माहीत होता. लहानपणी त्याच्या नाकात ओव्याचा दाणा गेला होता आणि त्याने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून दादांनी ओव्याला मडक्यात बंदी केली. वालाने पोट धरेल, म्हणून नातेवाइकांनी कुरकुर केली. दादांचं म्हणणं, सगळ्यांची पोटं धरली तरी चालेल, पोरगा रडता कामा नये.

त्याने हिरामणला बाजूला घेतलं. हिरामण खुशीत होता.

"दादांच्याच वाडीतल्या शेंगा हाय त्या, भाऊ. घ्यायला गेलो, तर बोललो, अजेयभाऊ आलेत दोस्त घेऊन. दादा बोलले, मग मीच लावतो. रिक्षातून स्वतः आले. आत चला म्हटलं, तर न्हाय बोलले. फाटकातनंच मडकं दिलं. म्हणाले, पोरांना गरम वाढ."

अजेय फाटकापर्यंत गेला. तिथे कुणी नव्हतं. गाडी काढून चौलला जाता आलं असतं. तो परत आला आणि ताटलीतला बटाटा संपवला.

पुढच्या शनिवारी तो माफी मागायचं ठरवूनच घरी गेला. दादांनी बोलायला फट ठेवली नाही. पंप दाखवला, नारळ सोलले, गाडीची डिकी भरली आणि मध्येच सहज विचारलं, "आटोपलं का रे ऑफिसचं काम?"

प्रश्नात टोमणा नव्हता. अजेय म्हणाला, "हो."

त्यानंतर दादांचे फोन आखडले. पूर्वी ख्यालीखुशालीत शेजारच्या म्हशीचाही नंबर लागायचा. आता "बरे आहात ना? ठेवतो," एवढंच. दादांना अखेर पोच आली, असं अजेयने वल्लरीला हसत सांगितलं.

होळीनंतरच्या आठवड्यात झाडांना पाणी सोडताना दादा वाडीत कोसळले, ते उठले नाहीत.

तेरावं आटोपून पाहुणे पांगले. दुर्गाबाई दादांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. अजेयने त्यांना सगळं सांगितलं, त्या 'हो'सकट.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "शेंगा मीच निवडल्या होत्या."

"रागावले होते?"

"छे. मडकं लहान पडलं असेल, म्हणून हळहळत होते." त्यांनी हातातल्या सदऱ्याची बाही सरळ केली. "निजताना मात्र विचारलं, दुर्गे, मी माणसांना फार जड होतो का गं?"

"मग तू काय म्हणालीस?"

त्यांनी बाही पुन्हा सरळ केली. "म्हटलं, होता खरे. चेष्टेत रे. एरवी हसले असते, त्या दिवशी हसले नाहीत. उद्या बोलू म्हटलं, तर सकाळी पंप बिघडला. मग राहूनच गेलं." त्यांनी मान वर केली. "तुझं तू मला सांगून मोकळा झालास. मी कुणाला सांगू?"

अजेयने एक सदरा ओढून घेतला आणि घडी घालायला बसला. घडी चुकली. आईने ती उलगडली आणि सदरा पुन्हा त्याच्या हातात दिला.