विहिरीतला योसेफ

सब्जाची ओली डहाळी, गुळात कालवलेले पोहे, ओलं खोबरं, आणि कितीही साबण लावला तरी बाबांच्या बोटांना न सोडणारा कंपनीतल्या तेलाचा वास... चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत मलिद्याचा विधी असला, की हे सगळे गंध बाजाच्या पेटीभोवती घुटमळत राहत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी यहुदी. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं तबक भरायचं, हिब्रू प्रार्थना म्हणायच्या, आणि मग बाबांनी पेटी ओढून मराठीत कीर्तन लावायचं, ही आमच्या घरची रीत. तबल्यावर कुरुळीचे सोपानभाऊ, बाबांच्याच शिफ्टमधले. त्यांना हिब्रूचं एक अक्षर कळत नसे. पण योसेफाचं आख्यान आलं, की ते बाहीनं डोळे पुसत.

काकाचा राग मला आजही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. मी नऊ वर्षांची होते. बाबांचा हा धाकटा भाऊ इस्राएलला स्थायिक होऊन पहिल्यांदाच परत आला होता – अंगाला परक्या अत्तराचा दर्प, खिशात चॉकलेटं, आणि तोंडी सतत 'आमच्याकडे, आमच्याकडे'. आख्यानात भावांनी योसेफाला विहिरीत ढकललं, बाबांनी सूर वर नेला, आणि काका खेकसला, "बंद कर रे दादा ही हरदासी! याला यहुदी संगीत म्हणतात का? तिकडे लोक हसतील."

बाबांची बोटं पट्ट्यांवर तशीच थांबली. सोपानभाऊ कळवळून म्हणाले, "चालू द्या की राव, पोरगं आजून हिरीतच हाय!"

काकानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी... मी उठले, पेटीचा भाता दाबला आणि खिटी लावली. "शहाणी पोर," म्हणत त्यानं चॉकलेट दिलं. मी ते बाबांसमोरच खाल्लं. पेटी माळ्यावर गेली. पुढेही मलिदे झाले, प्रार्थना झाल्या, पण बाबा पुन्हा कधी गायले नाहीत.

बाबा गेले, सोपानभाऊ गेले. गेल्या महिन्यात काकाचा फोन आला, आवाजात नुसता मध. तिकडे म्हणे आता येमेनी, बगदादी, मोरोक्कन, सगळ्या यहुद्यांच्या जुन्या चाली गोळा करतात. जितकी वेगळी, तितकी मोलाची. त्यात 'आपलं' मराठी कीर्तन हवंच. आपलं! लाज कशी वाटत नाही माणसाला!

"बेटा, दादाची ती चाल तुला येते ना?"

येते. शब्द न् शब्द येतो. विहिरीच्या ओळीआधी बाबा श्वास कुठे घेत, तेसुद्धा.

"नाही येत, काका," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

सूड उगवल्याचं समाधान चहा निवेपर्यंत पुरलं. खिडकीखालून दुपारच्या शिफ्टची बस चाकणकडे निघाली होती, आणि मी माळ्याकडे बघत उभी होते... योसेफ अजून विहिरीतच आहे. त्याला वर काढणारा सूर आता फक्त मलाच येतो, आणि खिटी पुन्हा मीच लावली.