भोयेचे शून्य गुण

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. आमची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, तेव्हा देवळालीत होती. मी हवालदार. सकाळी पीटी, मग तोफांवर ड्रिल, संध्याकाळी खेळ. आंतर-बॅटरी कबड्डीचे सामने जवळ आले की बराकीत आमचा वेगळाच खेळ रंगायचा. प्रत्येकाने सगळ्या बॅटऱ्यांमधून तीन चढाईवाले निवडायचे. मैदानात ते मिळवतील ते गुण आपले. ज्याचे सर्वांत कमी, त्याने बड्या खान्याचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र मेजवानीचा, कांदा सोलायचा. अख्ख्या बॅटरीचा कांदा, म्हणजे बघा.

तिसरा गडी म्हणून मी सोमा भोयेचं नाव घेतलं आणि सगळे हसले. गनर सोमा सुरगाण्याचा, आमच्याच बॅटरीतला, पण राखीव. त्याच्या पुढे मनमाडचा नाईक जाधव. आता राखीव गड्याची किंमत नुसत्या त्याच्या ताकदीवर ठरत नाही, पुढचा किती टिकतो यावर ठरते. जाधवचा गुडघा मी सरावात पाहिला होता. वळताना पाय चोरायचा. फायनलला हा अर्ध्यात बसणार, माझा हिशेब पक्का होता. म्हटलं, हसा लेको.

फायनलच्या दिवशी सोमाचे वडील सुरगाण्याहून जीपने आले. पोरगा खेळणार म्हणून आले होते. सोमा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "उस्ताद, बा आलाय. आज तरी उतरवतील ना?"

"उतरवतील," मी म्हणालो. "जाधव टिकत नाही."

झालंही तसंच. मध्यंतराच्या आधी जाधव कोसळला, लंगडत बाहेर आला. आमच्या बॅटरीची एक रीत होती. जखमी गड्याला पट्टी राखीव गड्याने बांधायची आणि तो खेळेल की नाही, हेही त्यानेच सांगायचं. सोमाने गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, पट्टी आवळली. मी मनातल्या मनात गुण मोजायला लागलो होतो.

सुभेदार साहेबांनी विचारलं, "भोये, चालेल का हा?"

सोमाने एकदा वडील बसले होते तिकडे पाहिलं.

"चालेल, साहेब."

जाधव शेवटपर्यंत खेळला. आम्ही जिंकलो. सोमाचे गुण शून्य, आणि कांदा माझ्या वाट्याला. माझं डोकं असं फिरलं की सोमाला गाठून चांगलं झापलं. तो एवढंच म्हणाला, की गुडघा चालणारा होता, खोटं कसं सांगू. त्याच्या वडिलांसमोर जायची मला लाज वाटत होती. म्हातारा उलट खुशीत होता. म्हणाला, "माझ्या पोराला इचारून गडी उतरला. बगितला मी."

पुढे आम्ही सरहद्दीवर गेलो. जाधव आणि सोमा पुढच्या ठाण्यावर, मी मागे तोफांपाशी वायरलेस सेटवर. एका दुपारी गोळाबारी झाली. पुढच्या ठाण्यावरच्या ऑपरेटरचा निरोप आला, जाधवच्या मांडीत स्प्लिंटर, गोळ्याचा तुकडा घुसलाय.

"रक्त थांबलं का? ओव्हर."

"थांबलंय. पट्टी भोयेनं बांधली. चालेल म्हणाला. ओव्हर."

"भोयेला सेटवर दे. ओव्हर."



"भोये गेला, उस्ताद. पट्टी बांधून झाल्यावर गेला. त्यालाही लागलं होतं, बोलला नाही."

मी तिथेच बसून रडलो. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

जाधव वाचला. थोडा लंगडतो, पण चालतो. दरवर्षी आम्ही दोघं सुरगाण्याला जातो. म्हातारा आधी जाधवला अंगणात चालायला लावतो, नीट बघतो, आणि मग आम्हाला बसा म्हणतो.