‘एक नंबर गाडी’ आणि उतरलेली बॅटरी

आज सकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला: पहिलाच चहा निवला. कारण शेजारचे देशमुखसाहेब पार्किंगमधून हाका मारत होते.

त्यांची नवी इलेक्ट्रिक कार सुरूच होईना. मोठी बॅटरी भरलेली, पण बारा व्होल्टची छोटी उतरलेली. शेवटी जम्पर केबल जोडून माझ्या म्हाताऱ्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीने तिला उठवलं.

“साहेब, विद्यानगरच्या ग्रुपवर तुम्हीच ‘एक नंबर गाडी’ लिहिलंत ना? त्या भरवशावर मी आज संध्याकाळी बुकिंग करणार होतो!”

“मग काय लिहिणार? तुमच्या वहिनी ‘नक्को’ म्हणत असताना घेतली!”

इलेक्ट्रिकवाल्यांनो, घरचं कुणी वाचत नाहीये असं समजून खरं सांगा: घेऊ का?

आणि हो, काम झाल्यावर जम्पर केबल मी गुपचूप त्यांच्याच डिकीत ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडूनच आणली होती.